व्याख्यानाला टाळ्या पडल्या, घरात मात्र काही बदलले नाही

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या वडिलांना मधुमेह होता, थोरल्या भावाला आहे आणि गेल्या तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर ११२ आली. आमच्या वस्तीत अशी बरीच घरे आहेत, म्हणून आम्ही चार-पाच जणींनी पुढाकार घेऊन एका डॉक्टरांचे व्याख्यान ठेवले. सत्तरेक माणसे आली, प्रश्न विचारले गेले, टाळ्याही पडल्या. आज तीन महिन्यांनी पाहते तर एकाही घरात काही बदललेले नाही. माझ्याही नाही, हे लिहायला लाज वाटते. घरात स्वयंपाक सून करते, तिला त्या दिवशी कामामुळे येता आले नव्हते. आता आहार-व्यायामाचा नियमित वर्ग सुरू करावा असे मनात आहे. पण आमच्यात कोणी डॉक्टर नाही. काय शिकवावे, कोणी शिकवावे, पुरुषांना आणि मुलांना कसे आणावे? भाऊ मधुमेहाच्या गोळ्या घेतो; त्यालाही व्यायामाला बोलवावे का?

उत्तर : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आधी ती लाज बाजूला ठेवा. आहारतज्ज्ञ म्हणून मी वस्तीतला पहिला वर्ग घेतला, तेव्हा स्वादुपिंडाच्या रंगीत चित्रापासून सुरुवात केली होती. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकच छोटी प्रश्नपत्रिका दिली. गुण चांगलेच वाढले होते आणि त्या आनंदात मी सर्वांची वजने घेतली, तर काटा जिथल्या तिथे होता. तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा सगळा वर्ग उत्तीर्ण होऊनही कोणालाच काही येत नसण्याचा अनुभव तुम्हाला नवा नसावा.

असे का होते, याचे उत्तर तुमच्याच पत्रात एका ओळीत आहे आणि ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे : घरात स्वयंपाक सून करते आणि ती व्याख्यानाला नव्हती. सत्तर माणसांपैकी किती जण आपापल्या घरी स्वयंपाक करतात, किती जण किराणा आणतात आणि किती जण केवळ पुढ्यात आलेले खातात, याचा हिशेब मांडून पाहा. ज्याच्या हातात डाव नाही आणि खरेदीची पिशवीही नाही, त्याला कितीही उत्तम माहिती दिली तरी ती त्याच्या ताटापर्यंत पोहोचायला दुसऱ्या कोणाच्या तरी मर्जीतून जावे लागते. म्हणून वर्गाची नावनोंदणी माणसागणिक करू नका, घरागणिक करा. एका घरातून किमान दोघे यावेत आणि त्यांतला एक स्वयंपाक करणारा असावा, ही अट पहिल्याच दिवशी घाला. सुनेला यायला जमत नसेल तर वेळ तिच्या सोयीची ठेवा. सर्वांच्या सोयीची वेळ काढताना सर्वात जास्त राबणाऱ्या माणसाचीच गैरसोय होते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

दुसरे कारण संख्येचे आहे. तुमचे व्याख्यान एक होते. अमेरिकेत २७ केंद्रांवर ३,२३४ माणसांवर मधुमेह प्रतिबंधाचा एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सहभागी सर्वांची साखर वाढलेली होती, पण मधुमेह म्हणण्याइतकी नव्हती, म्हणजे ढोबळमानाने तुमच्यासारखी. त्यांतल्या एका गटाला लेखी सूचना आणि वर्षातून एकदा वीस-तीस मिनिटांचा समजावणीचा कार्यक्रम मिळाला, शिवाय औषध म्हणून नुसती निष्प्रभ गोळी. दुसऱ्या गटाला तेवढ्याच सूचना आणि मेटफॉर्मिन हे औषध मिळाले. तिसऱ्या गटाला सुमारे सहा महिन्यांत १६ पाठ, त्यानंतरही नियमित भेटी, वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याइतक्या हालचालीचे उद्दिष्ट दिले गेले. पहिल्या गटात दर वर्षी शंभरामागे ११ जणांना मधुमेह झाला, औषधाच्या गटात सुमारे आठांना आणि तिसऱ्या गटात पाचांहून कमी जणांना. त्यातही ६० वर्षांवरच्या माणसांना आहार-व्यायामाचा फायदा सर्वात जास्त झाला, हे तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणींनी मुद्दाम लक्षात घ्यावे. आता त्या पहिल्या गटाकडे पुन्हा पाहा. त्याला काहीच सांगितले नव्हते असे नाही. तुमच्या वस्तीला व्याख्यानातून जे मिळाले, साधारण तेवढे त्यालाही मिळाले होते.

या ठिकाणी एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. ‘मधुमेह टाळा’ असे फलकावर लिहिणे सोपे असते, पण पुष्कळांच्या बाबतीत तो टळत नाही, लांबतो. चीनमधील दाछिंग येथे १९८६ साली ३३ दवाखान्यांमधून असाच अभ्यास सुरू झाला. सहा वर्षे आहार-व्यायामाचे मार्गदर्शन चालले आणि त्या माणसांचा मागोवा पुढे तीस वर्षे घेतला गेला, तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्या गटात मधुमेह सरासरी चार वर्षे उशिरा आल्याचे आणि हृदयविकारासारखे त्रासही कमी झाल्याचे दिसले. चार वर्षे उशीर म्हणजे डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना मधुमेहाइतक्या वाढलेल्या साखरेशिवाय मिळालेली चार वर्षे. मला ही कमाई मोठी वाटते. पण वर्गात येणाऱ्याला हमी देऊ नका आणि एवढे करूनही ज्याला मधुमेह होईल त्याच्याकडे ‘याने पाळले नसेल’ अशा नजरेने कोणी पाहणार नाही, याची काळजी घ्या. लहान मुलांमध्ये बहुधा आढळणारा, जन्मभर इन्सुलिन घ्यावे लागणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह तर आहार-व्यायामाने टळतच नाही. वस्तीत असे मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना ही गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायला मिळाली पाहिजे.

कोणी शिकवावे? तुम्हीच. तो अमेरिकन अभ्यासक्रम पुढे गटागटांतून, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी शिकवला, तेव्हाही सहभागींची वजने लक्षणीय उतरली. यात विशेष आश्चर्य नाही, कारण सोळा आठवडे माणसे टिकवून धरणे, मागच्या आठवड्याचा गृहपाठ न रागावता विचारणे आणि मागे पडलेल्याला पुन्हा ओळीत आणणे हे काम डॉक्टरपेक्षा शिक्षकाला अधिक जमते. मर्यादा मात्र स्पष्ट आखून घ्या. निदान करणे, गोळी बदलणे, बंद करणे किंवा कमी करायला सुचवणे, यांतले काहीही वर्गात व्हायचे नाही. महिन्यातून एकदा एखादे डॉक्टर अर्धा तास येऊन नुसत्या प्रश्नांची उत्तरे देणार असतील तर फार चांगले; व्याख्यान नको.

आहाराकडे वळू. ‘मधुमेहाचा आहार’ हा शब्दच वर्गातून हद्दपार करा. ज्या घरात एकाचे पथ्याचे ताट वेगळे निघते, त्या घरात ते ताट फार दिवस टिकत नाही. पथ्य करणारा एकटा पडतो आणि रांधणारीचे काम दुप्पट होते. मधुमेह होऊ नये म्हणून जे खायचे, ते घरातल्या सगळ्यांना चालते. जेवणाच्या ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी, पाव भाग धान्याच्या पदार्थांनी आणि उरलेला पाव भाग कडधान्ये, अंडी, मासे यांसारख्या प्रथिनांच्या पदार्थांनी भरावा, एवढा एक नियम पहिल्या महिन्याला पुरे. तो सांगून भागणार नाही. प्रत्येक घराने आपले रोजचे ताट आणि रोजचा वाढायचा चमचा घेऊन यावे, नेहमी वाढून घेतात तसे वाढावे आणि मग त्याच ताटात अर्धे-पाव-पाव असे पुन्हा वाढावे. दोन ताटे शेजारी ठेवली की बोलायला फारसे उरत नाही. बटाटा त्या अर्ध्या भागात धरायचा नाही. त्यातला पिष्टमय भाग मोठा असल्यामुळे तो धान्याच्या बाजूला जातो आणि या मुद्द्यावर तुमच्या वर्गात वादावादी होणार, हे मी आताच सांगून ठेवते.

त्यानंतरचा सर्वात उपयुक्त पाठ बाटलीचा आहे आणि तो मुलांसमोर घ्यावा. गोड शीतपेयाची अर्ध्या लिटरची एक भरलेली बाटली, एक रिकामा पारदर्शक पेला, साखरेचा डबा आणि चहाचा चमचा एवढेच सामान लागते. एखाद्या मुलाला बाटलीवरील बारीक अक्षरांतली माहिती मोठ्याने वाचायला लावा. साखरेचा आकडा बहुधा दर १०० मिलिलिटरला दिलेला असतो आणि अशा पेयांत तो साधारण दहा-अकरा ग्रॅम निघतो. ऐकणाऱ्यांना तो किरकोळ वाटतो. मग विचारा, बाटली कितीची आहे? पाचने गुणल्यावर पन्नासाच्या वर ग्रॅम होतात. सपाट भरलेल्या चमच्यात चार ग्रॅम धरले तर तेरा चमचे. ते त्या मुलालाच एकेक मोजून पेल्यात घालू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. माझ्या वर्गात सातव्या-आठव्या चमच्याला कोणीतरी ‘बास, चुकलंय काहीतरी’ म्हणतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्या प्रौढाने वरून घातलेली साखर, मध, सरबते आणि फळांचे रस यांतून मिळणारी साखर मिळून दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि शक्य तर २५ ग्रॅमवर आणावी. म्हणजे ही एक बाटली संपवली की दिवसाची मर्यादा संपली. याच पाठात फळ आणि फळाचा रस यांतला फरकही सांगून टाका : सबंध फळातली साखर त्या मर्यादेत मोजत नाहीत, रसातली मोजतात, कारण रस काढताना चोथा मागे राहतो आणि एका घोटात तीन-चार फळांची साखर पोटात जाते. ‘साखर नाही’ अशी मोठी अक्षरे असलेल्या पाकिटांविषयीही एकदा बोला, कारण त्यांत मैदा आणि तेल भरपूर असू शकते आणि घटकपदार्थांच्या यादीत जे आधी लिहिलेले असते ते वजनाने जास्त असते, एवढे कळले तरी खरेदी करणारा माणूस दुकानात दोन मिनिटे अधिक थांबतो.

तेलातुपाचे थोडक्यात सांगते. किती चमचे वापरता, असे विचारू नका. आठवडाभरात बाटली किंवा डबा किती उतरला, यावर खूण करून आणायला सांगा.

व्यायामाविषयी लोकांचा सर्वात मोठा गैरसमज असा की तो फक्त वजन उतरवण्यासाठी असतो आणि महिनाभरात वजन हलले नाही की तो सोडून दिला जातो. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. एरवी त्यासाठी त्यांना इन्सुलिनचा इशारा लागतो आणि मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या शरीरात स्नायू या इशाऱ्याला नीट दाद देईनासे होतात. पण स्नायू प्रत्यक्ष काम करत असताना ते इन्सुलिनवाचूनही साखर आत ओढून घेतात आणि व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस इशाऱ्याला अधिक चांगली दाद देतात. हे एवढे समजले की दोन गोष्टी आपोआप पटतात. एक, जेवून लगेच आडवे होण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटे साधे चालणे साखरेची उसळी कमी करते. दुसरी, रविवारी अडीच तास आणि सहा दिवस काही नाही, अशा हिशेबाने १५० मिनिटे भरण्यात फारसा अर्थ नाही. सलग दोन दिवसांपेक्षा मोठा खंड पडू देऊ नये. चाल किती भरभर हवी, तर बोलता यावे पण गाता येऊ नये, इतकी. एका दमात अर्धा तास जमत नसेल तर दिवसभरात तुकड्या-तुकड्यांनी चाललेलेही हिशेबात येते.

नुसत्या चालण्यावर मात्र थांबू नका, विशेषतः पन्नाशीनंतरच्या मंडळींना थांबू देऊ नका. वयाबरोबर स्नायू झिजतात, म्हणजे साखर उचलणारेच कमी होतात. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला तळवे टेकवून शरीर मागे-पुढे ढकलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या खांद्याच्या वर उचलणे, एवढ्या सामानावर वर्ग चालतो. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता आले, ते ज्याने त्याने लिहून ठेवावे. वजनाचा आकडा हलायच्या कितीतरी आधी हा आकडा हलतो आणि माणूस पुढच्या आठवड्याला येतो.

पुरुष आणि मुले कशी येतील, हा तुमचा खरा प्रश्न दिसतो. पुरुषांना ऐकायला बोलावले तर ते येत नाहीत, काम दिले तर येतात, हा माझा सरधोपट अनुभव आहे आणि त्याला अपवाद असतील. वेळ मोजणे, मार्ग आखणे, वजनकाट्याची आणि नोंदवहीची व्यवस्था अशी कामे नावानिशी सोपवा. खरेदी करणारा पुरुष असेल तर बाटलीचा पाठ त्याच्याकडून घ्या. मुलांसाठी वर्ग नकोच. त्यांना दिवसाला तासभर धावपळीचा खेळ मिळाला पाहिजे आणि घरात गोड पेयांची बाटली दिसता कामा नये. जी वस्तू घरात आलीच नाही तिच्यावरून रोज भांडावे लागत नाही. मुलांचे वजन वर्गात करू नका आणि त्यांच्या जाडीविषयी, लाडाने किंवा विनोदानेही, कोणाला बोलू देऊ नका. दुखावलेले मूल खाणे सोडत नाही, लपून खायला लागते.

मोठ्यांची वजने आठवड्यातून एकदा व्हावीत, पण आडोशाला, आणि आकडा ज्याचा त्याच्याच वहीत. सत्तर किलोंच्या माणसाने सहा महिन्यांत पाच किलो उतरवले की सात टक्के झाले. ‘आदर्श वजना’चे तक्ते भिंतीवर लावू नका, ते पाहून माणसे खचतात. पहिल्या बैठकीला तर काटा आणूच नका, सुतळी आणा. प्रत्येकाच्या उंचीइतकी सुतळी कापायची, ती मधोमध दुमडायची आणि बेंबीच्या जरा वर पोटाभोवती गुंडाळून पाहायची. टोके सहज जुळली तर ठीक; जुळत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे पोटाच्या आत साठलेल्या चरबीकडे लक्ष द्यायला हवे. बारीक हातापायांची पण पोट सुटलेली माणसे काट्यावर निर्धास्त असतात, ती सुतळीत सापडतात. सुतळी घरी न्यायची, महिन्याने पुन्हा पाहायची.

आता तुमचे ११२. जेवणानंतर किमान आठ तासांनी घेतलेल्या रक्तात साखर १२६ किंवा त्याहून अधिक असेल आणि फेरतपासणीतही तशीच आली, तर मधुमेह म्हणतात. त्याखालची धोक्याची पायरी अमेरिकन मधुमेह संघटना १०० पासून धरते आणि जागतिक आरोग्य संघटना ११० पासून. तुम्ही दोन्ही हिशेबांनी त्या पायरीवर आहात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणीही करून घ्या. तिच्यात ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ टक्क्यांपासून पुढे मधुमेह असे धरतात. रक्तक्षय असेल तर मात्र हा आकडा फसवू शकतो, म्हणून अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्या. यापुढे तपासणी वर्षातून एकदा चुकवू नका. गरोदरपणात ज्यांची साखर वाढली होती, अशा वस्तीतल्या सर्व स्त्रियांना, मग त्या तिशीतल्या का असेनात, हेच सांगा. बाळंतपणानंतर साखर उतरली की त्या विसरून जातात आणि पुढे त्यांनाच मधुमेहाचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो.

राहिले तुमचे बंधू. त्यांना अवश्य बोलवा, पण आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला लावा. त्यांच्या गोळ्यांमुळे साखर एकदम खाली जाऊ शकते का. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा जात नाही, परंतु ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने जाऊ शकते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली आहे का, कारण तिथे बिघाड असेल तर वजने उचलणे किंवा दम रोखून जोर लावणे टाळावे लागते. आणि पायांची संवेदना शाबूत आहे का. नसेल तर बूट-मोजे घातल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचे नाही आणि घरी परतल्यावर तळवे रोज पाहायचे. चालताना हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला किंवा बोलणे असंबद्ध वाटू लागले, तर साखर खाली गेली आहे असे धरून तिथेच थांबवून पंधरा ग्रॅम साखर द्यावी, पंधरा मिनिटे बसवून ठेवावे आणि बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही न घालता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. शुद्धीत असताना अशी थरथर सुटली तर द्यायला साखरेची पुडी त्यांच्या खिशात आणि गटातल्या आणखी एकाच्या खिशात असू द्या. पंधरा ग्रॅम म्हणजे सपाट चार चमचे, हे त्यांना वेगळे सांगावे लागू नये, म्हणून बाटलीच्या पाठाला त्यांना पुढच्या रांगेत बसवा.